जुन्या कॉम्प्युटरवर गटाची फिल्म

गटाच्या पापड-लोणच्यांची दोन मिनिटांची फिल्म करायची, तर नवा कॉम्प्युटर हवा असं कुणी सांगेल. कर्ज काढण्याआधी जुना पुसून बघूया. विंडोजऐवजी त्यावर लुबुंटू हे हलकं लिनक्स बसवता येतं, तेही फुकट. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायचं. पसंत पडलं तर बसवायचं, पण त्याआधी गटाचे हिशेब आणि फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण बसवताना जुनं सगळं पुसलं जाऊ शकतं.

मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचं पुढचं-मागचं नुसतं कापायचं असेल, तर अ‍ॅव्हिडेमक्स पुरे. त्यात ‘कॉपी’ हा पर्याय ठेवला की व्हिडिओ नव्याने तयार होत नाही, म्हणून काम झटपट होतं. काप मात्र थोडा मागेपुढे पडतो. नावं, गाणं घालायचं तर ओपनशॉट किंवा केडेनलाइव्ह घ्या. मशीन अडखळलं, तर केडेनलाइव्हमध्ये ‘प्रॉक्सी’ चालू करा. मग काम व्हिडिओच्या छोट्या नकलेवर होतं, आणि शेवटी फिल्म मूळ व्हिडिओवरूनच बनते.

हलती चित्रं करायला पूर्वी फ्लॅश शिकवत. फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, तेव्हा त्यासाठी आता फी भरू नका. जुन्या फायली बघायला रफल आहे. नवं काढायला पेन्सिल टूडी घ्या, आपल्या रांगोळीवाल्या हातांना ते लवकर जमतं. सेकंदाला बारा चित्रं धरली, तर दहा सेकंदांना एकशेवीस होतात. दहा जणींनी बारा-बारा वाटून घ्यायची.