गाडी बंद पडते, ती तुमच्यामुळेच का?

मैत्रिणींनो, तुमच्याही अंगणात किंवा जिन्याखाली ‘ह्यांची’ मोटरसायकल उभी असेल. तुम्ही तिच्यावर मागे बसता, सणाला तिला हार घालता. पण ती चालवता येते का, असं कुणी विचारलं तर हसून म्हणाल, “छे हो, ते काही आपलं काम नव्हे!”

मीही तेच म्हणत असे. १९८७ च्या पावसाळ्यात एका रात्री आमचा धाकटा तापानं फणफणला. हे परगावी गेलेले. रिक्षा मिळेना. गाडी दारात होती, पेट्रोल होतं, किल्ली खिळ्याला टांगलेली होती. सासूबाई पोराला मांडीवर घेऊन मागे बसायलाही तयार होत्या! पण चालवणार कोण? शेवटी पोराला शालीत गुंडाळून, खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर चालत दवाखाना गाठला. पोरगा बरा झाला, पण ती दारातली गाडी मनातून गेली नाही.

शिकण्याचा प्रयत्न मी आदल्या उन्हाळ्यातच केला होता. गाडी हलकी, दोन स्ट्रोकची. शाळेच्या मैदानावर क्लच सोडला की फट्‌दिशी बंद पडायची. रेस वाढवून सोडला की उसळी मारायची. तिसऱ्या दिवशी मी थेट बाभळीच्या कुंपणात. “राहू दे, तुझ्याच्यानं व्हायचं नाही,” हे म्हणाले, आणि मलाही ते पटलं. चूक झाली ती इथंच.

पुढं १९९६ मध्ये गावी गेलो असताना पुतण्यानं आपली चार स्ट्रोकची १०० सीसी गाडी पुढं केली. “काकू, रेस देऊच नका. नुसता क्लच सोडा, हळूहळू.” मी सोडला आणि गाडी बैलगाडीसारखी शांतपणे चालू लागली! बाई तीच, वय मात्र दहा वर्षांनी वाढलेलं. बदललं होतं ते इंजिन.

इंजिनालाही स्वभाव असतो

दोन स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक भडका उडतो. जळलेला धूर बाहेर जाणं आणि ताजं पेट्रोल-हवा आत येणं एकाच वेळी चालतं. त्यामुळं फेरे कमी असताना इंजिन अडखळतं, आणि वेग वाढला की एकदम मोकळं होऊन धावतं. आपला पंपाचा स्टो आठवा. आधी फुसफुसतो, मग भडकतो. चार स्ट्रोकमध्ये हवा आत घेणं, दाबणं, जाळणं, बाहेर टाकणं ही चारही कामं वेगवेगळी, ओळीनं होतात. भडका दोन फेऱ्यांत एकदाच. जोर कमी, पण शिस्त जास्त.

१९८५ साली आपल्याकडं दोन गाड्या आल्या, यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडा सीडी १००. पहिलीचा सिलिंडर ९८ सीसीचा, दुसरीचा ९७. रुंदीही दोन्हींची ५० मिलिमीटर. पण पहिली दोन स्ट्रोकची, तिची ताकद ११ अश्वशक्ती. दुसरी चार स्ट्रोकची, तिची सुमारे साडेसात. भांडं एकाच मापाचं, पण चूल निराळी! तरण्या पोरांनी पहिलीवर जीव टाकला. नवशिक्याला मात्र दुसरीच सांभाळून घेणारी.

दुसरी गोष्ट इंजिनातल्या जड चाकाची, म्हणजे फ्लायव्हीलची. जड जातं एकदा फिरू लागलं की हात जरा ढिला पडला तरी फिरत राहतं, तसंच हे. चाक जड असेल तर क्लच सोडताना थोडं चुकलं तरी इंजिन चटकन बंद पडत नाही. जुनी बुलेट ३५० घ्या. तिच्या सिलिंडरची रुंदी ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९०. अशी लांब धाव आणि जड चाक, म्हणून ती अगदी सावकाशही डुगडुगत जाते. तिची भीती वाटते ती वजनाची. नुसता सीसीचा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट, इंजिन बसवलंय कसं? होंडानं १९५८ च्या सुपर कबमध्ये सिलिंडर जवळजवळ आडवा ठेवला. सीडी १०० आणि स्प्लेंडर त्याच वळणाच्या. इंजिनाचं वजन खाली राहिलं की गाडी उभी करताना, ढकलताना हाताला हलकी वाटते.

आणि घाटातला उतार? चार स्ट्रोकच्या गाडीची मूठ सोडली की इंजिनच तिला मागं ओढतं. दोन स्ट्रोकच्या गाडीत हा आधार फार कमी, सगळा भार ब्रेकवर.

शिकताना एवढं करा

आता धुराच्या कडक नियमांमुळं नव्या मोटरसायकली चार स्ट्रोकच्याच येतात. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल मोजून फवारलं जातं, त्यामुळं सकाळी चोक ओढत बसावं लागत नाही. म्हणजे काळ आपल्या बाजूचा आहे. आधी शिकाऊ परवाना काढा. हेल्मेट घाला, साडीऐवजी सलवार-कमीज आणि बंद बूट.

पहिले दोन दिवस मोकळ्या, सपाट मैदानावर रेसला हातच लावू नका. पहिला गिअर टाकून क्लच इतकाच सोडा की गाडी थरथरेल. तिथंच हात थांबवा, तिला चालू द्या, मग उरलेला सोडा. मनगट खाली ठेवा. गाडी उसळली की आपण मागं जातो, मूठ आणखी पिळली जाते, आणि मग बाभळीचं कुंपण! अशा वेळी आधी क्लच दाबायचा. क्लच हाताला फार जड लागला तर मेकॅनिककडून केबल पाहून घ्या. घरची गाडी जुनी, दोन स्ट्रोकची असेल तर शिकण्यापुरती दिराची किंवा भावाची चार स्ट्रोकची मागून आणा.

आणि गाडी बंद पडली, तर “मला जमत नाही” म्हणण्याआधी तिचा स्वभाव समजून घ्या. घरात इतक्या जणांचे स्वभाव सांभाळतोच की आपण! मी आता बँकेत, दवाखान्यात गाडीवरूनच जाते. हे मागे बसतात, आणि खड्डा आला की मला सांगतात, “हळू!”