मुरडलेली धार

मूठ नाही, दाते नाहीत, टोक नाही. पोस्टकार्डाहून थोडा अरुंद पोलादी पत्रा, जाडी जेमतेम ०.८ मिलिमीटर. सुताराच्या पेटीत रंधे, पटाश्या, किकरे यांच्या शेजारी स्क्रेपर पडलेला असला तर कशाचा तरी उरलेला तुकडा वाटावा. पुष्कळदा तो असतोही तसाच; जुन्या करवतीच्या पात्यातून उत्तम स्क्रेपर निघतो. आणि रंध्याने हात टेकले की काम याच्याकडे येते.

रंधा कुठे हात टेकतो हे बघायला क्रेमोनाला जावे. उत्तर इटलीतल्या या गावी २०१३ साली उघडलेल्या व्हायोलिन संग्रहालयात व्हायोलिनकार अंतोनिओ स्त्रादिवारीच्या कार्यशाळेतले साचे, आराखडे आणि हत्यारे ठेवलेली आहेत. स्त्रादिवारी १७३७ मध्ये गेला. त्याचे हे सामान पुढे काउंट कोझिओ या संग्राहकाने घेतले, १९२० मध्ये ते व्हायोलिनकार जुझेप्पे फिओरिनीकडे आले आणि त्याने १९३० मध्ये क्रेमोना शहराला देऊन टाकले. व्हायोलिनची पाठ आणि बाजूच्या पट्ट्या मेपलच्या. त्यांवर उजळ-गडद पट्ट्यांची जी लहर दिसते, ती रंगाची नव्हे. तंतू नागमोडी वाढल्यामुळे उजेड जागोजागी वेगळा परततो, एवढेच. ज्या नागमोडीसाठी हे लाकूड महाग, तीच रंध्याला नडते. कुठूनही चालवा, अर्धी लाट सुलट आणि अर्धी उलट. उलट्या रेषेत लाकूड कापले न जाता फाटते आणि खड्डा पडतो. बाजूची पट्टी साधारण १ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यात अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा म्हणजे पट्टी वाया गेली.

लाकूड असे का फाटते, याचे उत्तर नॉर्मन फ्रान्झ यांच्या मिशिगन विद्यापीठाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. त्यांनी ढलपीचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात पाते पाचर होऊन शिरते आणि तंतू धारेच्या पुढे पुढे चिरत जातात. दुसऱ्यात ते धारेपाशीच सलग कापले जातात. तिसऱ्यात पाते इतके उभे असते की तंतू धारेपुढे दबून चुरडतात. रंध्याचे पाते बहुधा ४५ अंशांवर बसवलेले असते, म्हणून उलट्या रेषेत पहिल्याची भीती. स्क्रेपर जवळजवळ उभा चालतो, त्याची पाचर होऊच शकत नाही. मग चुरडण्याचे काय? तिथे कामी येतो त्याच्या कडेवर काढलेला, डोळ्याला दिसणारही नाही इतका बारीक आकडा. पत्रा उभा राहतो, आकडा कापतो.

हा आकडा काढणे हीच खरी विद्या. बाकीच्या हत्यारांना धार लावताना आपण पोलाद झिजवून काढतो; इथे शेवटी ते फक्त सरकवायचे असते. आधी पत्रा शिकंज्यात धरून कानस कडेच्या लांबीला आडवी ओढायची, म्हणजे जुना आकडा जातो आणि कड काटकोनात येते. मग तेलाच्या दगडावर कड घासायची आणि दोन्ही अंगे सपाट टेकवून कानशीच्या खुणा पुसायच्या. इथली घाई पुढे लपत नाही: कडेवरचा प्रत्येक ओरखडा लाकडावर रेघ होऊन उमटतो. यानंतर बर्निशर, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेली, पत्र्याहून कडक पोलादाची कांडी. थेंबभर तेल लावून ती अंगावर सपाट दाबत चार-सहा वेळा कडेलगत फिरवली की पोलाद किंचित बाहेर सरकते. मग कांडी कडेवर ठेवायची, आधी सरळ, नंतर ५ ते १० अंश कलती, आणि हलक्या हाताने ओढायची. नवशिके इथे जोर लावतात. जोराने आकडा जास्त मुरडतो, आणि पत्रा लाकडावर पार आडवा केल्याशिवाय कापतच नाही. अंगठा पत्र्याच्या अंगावरून कडेच्या बाहेर नेला आणि नख लागल्यासारखे अडकले, की झाले. दोन लांब कडा, प्रत्येकीला दोन बाजू, असे चार आकडे एका पत्र्यात मिळतात.

हे जमते ते पोलाद बेताचे कडक असल्यामुळे. रॉकवेल मापावर सुमारे ५० म्हणजे पटाशीपेक्षा बरेच मऊ. पटाशीचे पोलाद असे मुरडायला गेलात तर ते वळण्याऐवजी तुटेल. करवतीतून स्क्रेपर काढायचा तर एक सांभाळावे: हल्लीच्या करवतींचे दाते कडक केलेले असतात, त्यांवरून कानस नुसती घसरते. तेवढी पट्टी कापून टाकून वरचे पाते वापरावे.

चालवताना दोन्ही अंगठ्यांनी पत्र्याला मध्ये हलका बाक द्यायचा, पुढे कलवायचा आणि ढकलायचा. कागदाहून पातळ कीस निघाला तर धार आहे. भुसा पडू लागला की गेली. पत्रा तापतो, अंगठे भाजतात, आणि कारागीर मधूनमधून थांबतो तो विश्रांतीसाठीच असे नाही. आकडा बोथट झाला की दर वेळी कानस नको. कांडीने तो अंगावर दाबून पुन्हा काढता येतो, असे बरेचदा.

पॉलिश पेपरने हे सगळे सोपे केले हे खरे. पण पेपर तंतू ओरबाडतो आणि छिद्रांत भुसा भरतो, त्यामुळे वार्निशखाली मेपलची लहर मंद दिसते. शिवाय तो भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. कीस जमिनीवर पडतो, छातीत जात नाही. मला हे एकच कारण पुरेसे वाटते.

आपल्याकडचे सुतार याच कामाला फुटक्या काचेचा तुकडा घेत आले आहेत. ताजी फुटलेली काच सुरेख खरवडते, पण तिला आकडा नसतो आणि धार गेली की ती फेकायची. धारेची जाण मात्र आपल्याकडे वाद्यांपर्यंत पोहोचलेली आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे करू लागलेली घराणी शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार नि झिलई करणाऱ्यांची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

स्क्रेपरला मर्यादा आहेत. बाकामुळे एकाच जागी चालवला तर मेजाच्या सपाट फळीत खोलगट पडते. सागात सिलिका असल्याने त्याची धार लवकर उतरते. मऊ लाकडावर बोथट पत्रा तंतू नुसते दाबतो, आणि ते ओलावा लागताच पुन्हा वर येतात. व्हायोलिनचा पुढचा तक्ता स्प्रूसचा, मऊच. कारागीर त्यावरही स्क्रेपर चालवतात, पण आकडा नुकता काढलेला असेल तरच.