नकाशावरचा ठिपका

“पोचल्याबरोबर पत्र टाक.” बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालताना माळव्यातील मराठी घरांतूनही हे वाक्य हमखास उच्चारले जाई. चार ओळींचे ते कार्ड हाती पडले म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यात पडे. आता त्या कार्डाची जागा मोबाइलच्या पडद्यावर सरकणाऱ्या एका ठिपक्याने घेतली आहे. मात्र कार्ड जाणारा आपण होऊन लिहीत असे. ठिपका एकदा सुरू झाला की घरच्यांनी तो हवा तेव्हा पाहावा. सोय मोठी खरी, पण भांडणाचे मूळही तेथेच आहे.

उपग्रह वरून आपल्यावर पाळत ठेवतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह केवळ वेळेचे संकेत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकून, त्यांना पोचायला किती वेळ लागला यावरून आपली जागा मोबाइलच ठरवितो. अमेरिकेच्या लष्कराने उभारलेल्या या व्यवस्थेतील नागरी संकेतांत पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती मे २००० मध्ये काढून टाकल्यावर नेमकी गल्ली सापडू लागली. जागा ठरल्यावर ती आप्तांकडे धाडण्याचे काम मात्र मोबाइलच्या मनोऱ्यांचे.

हा फरक ध्यानात घेतला तर रात्रीची कितीतरी जागरणे वाचतील. इंदूरहून पुण्याकडे निघालेली बस सेंधव्यापुढे बिजासन घाटात शिरते. अशा डोंगराळ वाटेवर मनोऱ्याची साथ सुटली, की फोनला जागा कळत असूनही ती धाडता येत नाही. इकडे ठिपका खिळून राहतो आणि घरी आईचे धाबे दणाणते. अशा वेळी ठिपक्याशेजारी शेवटच्या नोंदीची वेळ दिलेली असते, ती आधी वाचावी. थांबला आहे तो ठिपका, बस नव्हे.

नर्मदा परिक्रमेला निघालेल्या आजोबांचा ठिपका मुलांना धीर देतो, याबद्दल दुमत नसावे. पण नोकरीसाठी परगावी राहणाऱ्या पंचविशीच्या मुलीकडे तो अहोरात्र मागणे, आणि तिच्या भावाकडे कधीच न मागणे, याला काळजी म्हणावे काय? कचेरीतून निघालेली सून भाजीबाजारात वीस मिनिटे का थांबली, हा प्रश्न तर विचारण्याजोगाच नाही. जुलै २०२४ मध्ये न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने असा निर्णय दिला की, आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल, अशी अट जामिनासाठी घालता येत नाही. ती खाजगीपणाच्या हक्काला बाधक ठरते. घर म्हणजे पोलीस ठाणे नव्हे, हे मान्य. म्हणूनच तर घरात अधिक सौजन्य अपेक्षित आहे.

या साधनांतच एक चांगली तोड आहे. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०१७ मध्ये ही सोय आणली, तेव्हा पंधरा मिनिटे, एक तास आणि आठ तास अशा मुदती ठेवल्या. गुगलच्या नकाशात मुदत ठरविता येते, तसेच आपण बंद करीपर्यंत ठिपका चालूही ठेवता येतो. हा दुसरा पर्याय जाणाऱ्याने स्वतः निवडला तरच योग्य. वडीलधाऱ्यांनी मुलीचा फोन हाती घेऊन तो लावून देऊ नये.

इंदूर-पुणे बस आठ तासांत पोचत नाही. निघताना दिलेली मुदत पहाटे वाटेतच सरते आणि ठिपका नाहीसा होतो. जाग आल्यावर मुलीने तो पुन्हा सुरू करावा. नाही तर “नाशिक मागे पडले, चहा घेते आहे,” एवढेच लिहावे.