मातीचा वाडा आणि त्याचे वारस

दक्षिण चीनमधील हक्का लोकांच्या नावाचा अर्थच मुळी ‘पाहुणी कुटुंबे’ असा आहे. उत्तरेकडून शतकानुशतके स्थलांतर करीत आलेल्या या लोकांनी फूज्येन प्रांताच्या डोंगराळ मुलखात मातीचे प्रचंड वाडे उभारले. त्यांना ‘तुलौ’ म्हणतात. योंगतिंग येथील चंगची लौ हा १७०९ मध्ये पूर्ण झालेला वर्तुळाकार वाडा बाहेरून चार मजली असून त्यात सुमारे ४०० खोल्या आहेत. २००८ मध्ये युनेस्कोने अशा ४६ वास्तूंचा जागतिक वारशात समावेश केला. परंतु त्या यादीबाहेरचे कितीतरी वाडे आज ओस पडत आहेत. ते सावरावयाचे कसे, हा त्यांच्या वारसांपुढील प्रश्न होय.

या वाड्याची भिंत म्हणजे लाकडी साच्यात थरावर थर ठोकून बसविलेली माती. तिच्या पोटात बांबूच्या कामट्या, खाली दगडी जोते आणि वर भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेले कौलारू छप्पर. हे छप्पर धड आहे तोवर भिंत शतके टिकते. कौले फुटली की पाणी झिरपते, वासे कुजतात आणि मग भिंत खचते. म्हणून डागडुजीचा आरंभ वरूनच करावा लागतो. सिमेंटच्या गिलाव्याने भिंत पक्की होते, हा समज घातक आहे. त्यामागे ओल कोंडते व माती आतून ठिसूळ होते. अशा भिंतीला चुन्यामातीचाच लेप मानवतो.

तथापि खरी अडचण मालकीची आहे. येथे एकेका कुटुंबाचा वाटा उभा असतो : तळाशी स्वयंपाकघर, त्यावर धान्याचे कोठार, त्याहून वर निजण्याच्या खोल्या. पूर्वजांचे पूजास्थान मात्र सर्वांचे. साहजिकच एकाने परागंदा होऊन आपले छप्पर दुर्लक्षिले, तर भिजते ती शेजाऱ्याची भिंत. आणि हक्का समाज तर दूरदूर पांगलेला. कोलकात्याच्या टँगरा भागात कातडी कमावण्याचा धंदा उभारणारे चिनीदेखील मुख्यतः हक्काच होते.

यास्तव जीर्णोद्धाराचे पहिले काम गवंड्याचे नव्हे. वारसांची संमती मिळविण्याचे आहे. दुसरे काम त्याहून कठीण. नुसत्या दुरुस्त केलेल्या रिकाम्या वाड्याचे प्रदर्शन होते, घर होत नाही. घरात माणसे नांदत असली, म्हणजे फुटलेले कौल पहिल्याच पावसात कोणाच्या तरी दृष्टीस पडते. अनेक चुली एका भिंतीआड सुखाने नांदाव्यात, म्हणून हे वाडे बांधले गेले. त्यांना तारण्याचा मार्गही तोच आहे.