मात्सुयामाचं ऊन पाणी आणि मुठीतला दगड

जपान म्हटलं की ज्वालामुखी आठवतात आणि ज्वालामुखी म्हटले की गरम पाण्याचे झरे. बेप्पू किंवा हाकोने इथे हे समीकरण अगदी बरोबर आहे. तिथलं पाणी जमिनीच्या पोटातल्या तप्त शिलारसाच्या उष्णतेवर तापतं. पण जपानच्या सर्वांत जुन्या झऱ्यांत ज्याची गणना होते तो दोगोचा झरा शिकोकू बेटावर, मात्सुयामा शहरात आहे. आणि शिकोकूवर एकही जागृत ज्वालामुखी नाही. मग इतकी शतकं हे ऊन पाणी येतं कुठून?

पावसातून. शहरामागच्या डोंगरांवर पडलेला पाऊस ग्रॅनाइटच्या भेगांमधून खाली झिरपत जातो. जमिनीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते, साधारण दर किलोमीटरला 25 ते 30 अंश. खोल उतरलेलं पाणी तापतं, हलकं होतं आणि खडकाला पडलेल्या एखाद्या मोठ्या भेगेचा आधार घेऊन पुन्हा वर चढतं. आपल्या कोकणातल्या उन्हवऱ्याची, तुरळची, वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं याच जातीची. सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली, त्यामुळे तिथेही तापतं ते खोलवर जाऊन आलेलं पावसाचंच पाणी.

दोगोला आज 18 विहिरींतून पाणी येतं. कुठलं 20 अंशांचं, कुठलं 55 अंशांचं. ही पाणी एकमेकांत मिसळून 42 अंशांच्या आसपास आणतात. वेगळा जाळ लागत नाही की गार पाणी ओतावं लागत नाही. पाणी अल्कधर्मी असल्यामुळे अंगाला मऊ, किंचित बुळबुळीत लागतं.

या पाण्याची खरी थक्क करणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. ते अधूनमधून थांबतं.

इसवी सन 720 मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथात 684 साली झालेल्या एका प्रचंड भूकंपाची नोंद आहे. डोंगर कोसळले, शेतजमीन समुद्रात गेली आणि इयो प्रांतातलं ऊन पाणी आटलं, असं त्यात म्हटलं आहे. इयो म्हणजे आजचा एहिमे प्रांत, आणि ते ऊन पाणी म्हणजे दोगो. पुढे 1707 मध्ये तसंच झालं. 1854 मध्ये झालं. 21 डिसेंबर 1946 च्या पहाटे नान्काईचा भूकंप झाला तेव्हाही झरा आठवडेच्या आठवडे बंद पडला. विहिरींची पातळी दहा मीटरहून जास्त खाली गेली होती.

जपानच्या दक्षिणेला समुद्राखाली नान्काईची लांबलचक घळ आहे. तिथे फिलिपाइन समुद्राचा भूपट्ट जपानच्या भूमीखाली सरकतो आहे. सरकताना तो अडकतो आणि वरची जमीन वर्षानुवर्षं दाबत राहतो. शंभर-दीडशे वर्षांनी कधीतरी ती अडकण सुटते आणि मोठा भूकंप होतो. त्या क्षणी दाबलेली जमीन मोकळी होऊन ताणली जाते. मात्सुयामाखालचा ग्रॅनाइटही किंचित ताणला जातो, त्याच्या सूक्ष्म भेगा रुंदावतात, आतल्या पाण्याचा दाब उतरतो आणि पाणी वर चढेनासं होतं. मग हळूहळू दाब पुन्हा भरतो आणि झरा परत वाहू लागतो.

म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीच्या एका लेखनिकाने स्नानाचं पाणी आटल्याचं टिपून ठेवलं आणि आजच्या भूकंपशास्त्रज्ञाला त्या ओळीतून कळलं की हा भूकंप नान्काईचाच. यंत्रं नव्हती तेव्हा झराच यंत्र होता. दोगोला दरवर्षी झऱ्याचा उत्सव असतो. भूकंपानंतर थांबलेलं पाणी परत यावं म्हणून केलेल्या प्रार्थनेत त्याचं मूळ सांगतात. मला तर वाटतं, निसर्गाने दिलेली वस्तू निसर्ग परतही नेतो, हे ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं, त्या गावानेच तिच्यासाठी अशी इमारत बांधावी हे स्वाभाविक होतं.

ती इमारत म्हणजे दोगोचं ‘होंकान’, मुख्य स्नानगृह. तीन मजले, सगळं लाकडी, एकावर एक चढलेली कौलारू छपरं आणि माथ्यावर लाल काचांची छोटी मनोरी. मनोरीत एक ढोल टांगलेला आहे. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला तो वाजतो, आणि सकाळच्या ढोलाबरोबर स्नानगृहाची दारं उघडतात. 1894 मध्ये हे बांधलं तेव्हा दोगो हे वेगळं गाव होतं आणि इसानिवा युकिया हे त्याचे पहिले नगराध्यक्ष. खर्च पाहून गावकरी चिडले, विरोध पेटला. इसानिवांनी स्वतःचा पगार सोडला आणि म्हणणं सोडलं नाही: शंभर वर्षांनीही कुणाला नक्कल करता येणार नाही असं काही बांधू, तरच गाव जगेल. बरोबर शंभर वर्षांनी, 1994 मध्ये, जपान सरकारने होंकानला महत्त्वाची सांस्कृतिक संपदा म्हणून जाहीर केलं. चालू सार्वजनिक स्नानगृहाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. 2019 पासून साडेपाच वर्षं डागडुजी चालली, पण त्या काळातही स्नानं सुरू ठेवली होती. जुलै 2024 मध्ये पूर्ण इमारत पुन्हा खुली झाली.

आत 1899 मध्ये राजघराण्यासाठी बांधलेला वेगळा विभागही आहे, तो पाहता येतो. पण पाहण्यापेक्षा उतरण्याची जागा म्हणजे खालचं सार्वजनिक कुंड. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग नीट धुवायचं आणि मगच, कपड्यांशिवाय, कुंडात शिरायचं. टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही. पाणी दगडाच्या जाड, कोरीव नळकांड्यातून धो धो पडत असतं.

पांढऱ्या बगळ्याने दुखरा पाय या पाण्यात बुडवला आणि तो बरा झाला, अशी झऱ्याची एक आख्यायिका आहे. दुसरी दोन देवांची. धाकटा देव आजारी पडला, थोरल्याने त्याला या पाण्यात धरलं, आणि तो इतका ठणठणीत झाला की एका दगडावर उभा राहून नाचला. तो दगड होंकानच्या बाहेर जपून ठेवला आहे.

दगडावरून आठवतं ते इशिते-जी. दोगोपासून चालत वीस मिनिटांवरचं हे मंदिर. कोबो दाइशी म्हणून पूजल्या जाणाऱ्या कूकाई (774 ते 835) या आचार्यांच्या नावाने शिकोकू बेटाला प्रदक्षिणा घालतात: 88 मंदिरं, सुमारे 1200 किलोमीटर. इशिते-जी हे त्यातलं 51 वं. नर्मदेची परिक्रमा ज्यांनी केली किंवा घरच्या कुणाकडून ऐकली, त्यांना हे सगळं लगेच ओळखीचं वाटेल. पांढरे कपडे, गवती टोपी, हातात काठी. वाटेवरच्या गावांनी यात्रेकरूला फळ, चहा, कधी पैसे द्यायचे आणि त्याने ते नाकारायचे नाहीत. एकटा चाललेला यात्रेकरूही दोघं चाललेले मानतात, कारण काठीच्या रूपाने कोबो दाइशी सोबत असतात. त्या काठीवर आणि कपड्यांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं असतात. सिद्धम् भारतातून चीनमार्गे तिथे पोचली आणि तिची पाळंमुळं ब्राह्मीत आहेत, आपल्या देवनागरीसारखीच.

मंदिराला इशिते, म्हणजे ‘दगड-हात’, हे नाव ज्या कथेवरून पडलं ती अशी. इयो प्रांतात एमोन साबुरो नावाचा श्रीमंत आणि कवडीचुंबक माणूस होता. दारी आलेल्या भिक्षूला त्याने हाकललं आणि त्याचं भिक्षापात्र फोडलं. पात्राचे आठ तुकडे झाले. त्यानंतर त्याची आठ मुलं एकामागून एक गेली. तो भिक्षू कोबो दाइशी होता हे कळल्यावर साबुरो क्षमा मागायला निघाला. वीस फेऱ्या झाल्या, भेट होईना. एकविसावी फेरी त्याने उलट्या दिशेने सुरू केली आणि वाटेत कोसळला. तिथे शेवटी कोबो दाइशी भेटले. त्यांनी एका खड्यावर साबुरोचं नाव लिहून मरणाऱ्याच्या हातात दिला. पुढे प्रांताच्या सरदाराघरी एक मूल जन्मलं, त्याची मूठ उघडेना. मंदिरात प्रार्थना केल्यावर मूठ उघडली, आत तोच खडा. तो म्हणून दाखवला जाणारा खडा आजही मंदिरात आहे. आणि लीप वर्षी यात्रा उलट्या दिशेने केली तर पुण्य अधिक, असं अजूनही मानतात.

इशिते-जीचं 1318 चं प्रवेशद्वार राष्ट्रीय ठेवा आहे, तीन मजली पॅगोडाही देखणा. बहुतेक प्रवासी हे पाहून परततात. मी म्हणेन, आवारातल्या एका छोट्या लाकडी देवळापाशी थांबा. ते कारितेइमोचं. भोवती खड्यांचे ढीग आहेत. गरोदर बाई इथला एक खडा घरी नेते आणि सुखरूप बाळंतीण झाली की दोन खडे आणून ठेवते. ढीग त्यामुळे आटत नाही.

ही कारितेइमो म्हणजे आपली हारीती. राजगृहातली ही यक्षिणी लोकांची मुलं पळवून खायची. बुद्धाने तिचं सर्वांत लाडकं धाकटं मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत फिरली तेव्हा बुद्धाने विचारलं, तुला इतकी मुलं असताना एकासाठी हा जीव जातो, मग ज्यांची एकुलती एक नेलीस त्यांचं काय? त्या दिवसापासून ती मुलांची राखणदार झाली. सातव्या शतकात आलेल्या इ-त्सिंग या चिनी यात्रेकरूने भारतातल्या विहारांत तिच्या मूर्ती असल्याचं लिहून ठेवलं आहे. आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गाभाऱ्याच्या उजव्या हाताच्या छोट्या दालनात, ती आपला पती पांचिक याच्याशेजारी मांडीवर मूल घेऊन बसलेली आहे.

एका आवारात दोन कथा, दोन्हींत भिक्षापात्र आणि दोन्हींत गेलेली मुलं. त्या मुद्दाम शेजारी आणल्या असं मी म्हणणार नाही. पण पात्र फोडणारा बाप आणि पात्राखाली मूल सापडलेली आई यांची देवळं इतकी जवळ असावीत आणि त्यातली एक संभाजीनगर जिल्ह्यातल्या डोंगरातून आपल्या ओळखीची निघावी, याचं नवल माझ्याच्याने आवरत नाही.

मराठी वाचकाचं मात्सुयामाशी आणखी एक नातं आहे. मासाओका शिकी 1867 मध्ये याच शहरात जन्मला. जोडकवितेच्या सुरुवातीच्या तीन ओळींना स्वतंत्र कविता मानून तिला ‘हायकू’ हे नाव रूढ करणारा तोच. जसं दिसतं तसं रेखाटावं, हा त्याचा आग्रह. पाठीच्या कण्याच्या क्षयाने शेवटची वर्षं तो अंथरुणावरच होता. दिसायची ती दारापुढची बाग तेवढी. तिच्यावरच तो लिहीत राहिला आणि 1902 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्याचा मित्र नात्सुमे सोसेकी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होता. त्याच्या ‘बोत्चान’ या 1906 च्या कादंबरीचा नायक गावाला नावं ठेवतो, पण दोगोच्या स्नानाला रोज जातो. शिकीच्या त्या तीन ओळी मराठीत रुजवल्या त्या शिरीष पै यांनी. आज मात्सुयामात ट्रॅममध्ये, हॉटेलांत, किल्ल्यावर हायकूसाठी पेट्या ठेवलेल्या असतात. कुणीही लिहून टाकावं. ठरावीक काळाने त्या उघडतात आणि निवडक हायकू जाहीर होतात.

1602 मध्ये बांधायला घेतलेला टेकडीवरचा किल्लाही आहे, आणि वरून सगळा समुद्रकिनारा दिसतो. वेळ असेल तर जरूर जा, नसेल तर तो सोडला तरी चालेल.

आपल्याकडून जपानला जाणारे बरेच जण हिरोशिमापर्यंत जातात आणि तिथूनच मागे फिरतात. हिरोशिमाच्या बंदरातून जलद बोटीने मात्सुयामा सव्वा तासाच्या आसपास आहे. एक मुक्काम दोगोला करा. सकाळी सहाच्या ढोलाला स्नान उरका, ऊन चढायच्या आत इशिते-जीला चालत जा. आणि जपानचं जमत नसेल, तर पुढच्या वेळी अजिंठ्याला गेल्यावर दोन नंबरच्या लेण्यात उजवीकडे वळायला विसरू नका.