पाचारण आणि पाळी

मराठी ख्रिस्ती घरांत ‘पाचारण’ हा शब्द मुलाच्या कानावर फार लवकर पडतो. देवाने माणसाला हाक मारावी आणि माणसाने तिला ओ देऊन जगावे, असा त्याचा अर्थ. सर्वसाधारण समज असा, की पाचारण पाळकाला होते, मिशनऱ्याला होते, घरदार सोडून निघणाऱ्याला होते. इतरांनी रविवारी उपासनेला यावे, दानाच्या थैलीत चार पैसे टाकावेत, संपले. हा समज ख्रिस्ती विचारात पाचशे वर्षांपूर्वीच मोडला गेला. मला लिहायचे आहे ते त्यानंतर उभ्या राहिलेल्या अडचणीबद्दल, कारण ती दलित ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला जशी आली तशी दुसऱ्या कोणाच्या आली नाही. या पानांच्या बहुसंख्य वाचकांचे देव या कल्पनेशीच भांडण आहे, हे मी जाणतो. तरी प्रश्न त्यांना परका वाटू नये. तो काम आणि जन्म यांच्या नात्याचा प्रश्न आहे.

मध्ययुगीन युरोपात पाचारण म्हणजे मठाची वाट. मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात हे नाकारले. चांभाराचे जोडे शिवणे, आईने बाळाचे लंगोट धुणे, मोलकरणीने अंगण झाडणे हेही पाचारणच, असे त्याने मांडले आणि रोजच्या धंद्याला ‘बेरूफ’ हा तोच जर्मन शब्द लावला. देवाला आपल्या सत्कृत्यांची गरज नाही, ती शेजाऱ्याला आहे. म्हणून जिथे शेजाऱ्याची गरज भागते तिथे देवाची हाक ऐकू येते, असा त्याचा रोख होता. विचार मोठा आहे. संन्याशाला संसारी माणसाच्या डोक्यावरून खाली उतरवणारा आहे.

पण हाच विचार खंडाळा तालुक्यातल्या एखाद्या गावात नेऊन पाहा. इथे झाडणे, मेलेले ढोर ओढणे, मयताची बातमी परगावी पोचवणे ही कामे कोणाची हे ठरवायला देवाची गरज कधीच नव्हती. गाव ठरवत होते. येसकराची पाळी बापाकडून मुलाकडे जात होती आणि हाकही रोज येत होती, पाटलाच्या वाड्यावरून. अशा माणसाला ‘तुझे रोजचे काम हेच तुझे पाचारण’ असे सांगणे म्हणजे वतनावर देवाचा शिक्का मारून देणे. आमच्या घरी बाप्तिस्मा आधी आला, येसकराची काठी पुष्कळ नंतर सुटली. मधल्या काळात पणजोबा रविवारी प्रभूचे लेकरू होते आणि सोमवारी गावाचे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. त्याचे वडील शिरवळ-खंडाळा पट्ट्यातल्या एका कारखान्यात कंत्राटी सफाईवर आहेत. प्रवचनात त्याने ऐकले होते, की आपण जिथे आहोत तिथेच देवाने आपल्याला बोलावले आहे. “सर, मग बाबांची जागा मीच घ्यायची का?” असे तो विचारत होता. हा प्रश्न अश्रद्ध म्हणून झटकून टाकता येणार नाही.

प्रवचनाला आधार असतो तो पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, सातव्या अध्यायाचा. ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत प्रत्येकाने राहावे, असे पौल तिथे सांगतो. लगेच पुढे तो गुलामांकडे वळतो, आणि तिथली मूळ ग्रीक रचना अशी, की ‘संधी मिळाली तर मोकळा हो’ असाही अर्थ निघतो आणि ‘गुलामीचाच उपयोग करून घे’ असाही. भाषांतरकार दोन्ही बाजूंना गेले आहेत. पण दोनच वचनांनंतर तो लिहितो की तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, तेव्हा माणसांचे गुलाम होऊ नका. तिथे दुसरा अर्थ निघत नाही. आमच्याकडे पहिले वचन व्यासपीठावरून वाचले जाते, हे तिसरे क्वचित.

खुद्द ल्यूथरचीही इथे कसोटी लागली. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी आपल्या बारा कलमांत लिहिले, की ख्रिस्ताने सर्वांना आपल्या रक्ताने सोडवले आहे, म्हणून आम्ही कोणाचे वेठबिगार राहणार नाही. ल्यूथरने ते मानले नाही; ही मोकळीक आत्म्याची आहे, देहाची नव्हे, असा त्याचा पवित्रा. अंगण झाडणारीला सन्मान देणारा माणूस तिने झाडू खाली ठेवताच बिथरला.

आपल्या संतपरंपरेतही हीच गाठ आहे. विठ्ठल जनीबरोबर दळण दळतो, चोख्याबरोबर ढोरे ओढतो. देव रोजच्या कामात उतरतो ही कल्पना आपल्याला जर्मनीतून आणावी लागली नाही. पण देवाने दळू लागल्यावरही जनी दासीच राहिली, आणि मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर असताना भिंत कोसळून चोखा तिच्याखाली गेला, असे परंपराच सांगते.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरितांवर घेतलेला आक्षेप याच ठिकाणी बोट ठेवतो. अस्पृश्याला त्याची दुर्दशा समाजव्यवस्थेमुळे आहे हे न सांगता ती पापामुळे आहे असे शिकवले, की त्याची लढण्याची ऊर्मीच जाते, असे त्यांनी लिहिले आहे. आणि वतनाविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले तेही त्यांनीच. वतने कायद्याने गेली ती १९५८च्या कायद्यानंतर.

मग रोजच्या जगण्यातले पाचारण ओळखायचे कसे? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचावीत. नवरा ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून आमच्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ती मोठी, डोळ्यांत भरणारी हाक. लक्ष्मीबाईंची हाक स्वयंपाकघरात आली. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, एवढाच प्रश्न होता. सोवळे सुटले तेव्हा खरे धर्मांतर झाले. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. ब्राह्मण स्त्रीला हाक आली ती काहीतरी सोडण्याची. आम्हाला येते तीही बहुधा सोडण्याचीच, फक्त सोडायची वस्तू वेगळी.

माझी आजी दवाखान्यात आया होती. वतने गेल्यावरही गावात लग्न निघाले की लाकडे फोडायला आमच्या घरी सांगावा येई. एकदा तिने उंबऱ्यातूनच सांगितले, “आमची पाळी संपली.” हीच बाई मध्यरात्री कोणाची लेक अडली म्हणून कळले, तर कंदील घेऊन निघे, मराठ्याचे घर की मांगाचे, विचारत नसे. दोन्ही कामे गावाच्या लेखी हलकीच, विटाळाची. एकाला तिने नकार दिला, दुसऱ्याला आपणहून गेली. पहिल्यात नाही म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून ती हाक देवाची नव्हती. ल्यूथरचे नाव तिने ऐकले नव्हते. आमच्याच तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी १८९७ मध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगचे मूल पाठीवर घेतले, त्यातच त्या गेल्या. त्यांनाही कोणी वतन दिले नव्हते.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, की रात्री प्रार्थनेला बसशील तेव्हा दिवसभरातले प्रत्येक काम आठव आणि स्वतःला विचार: हे माझ्याकडे जन्माने आले का? मला नाही म्हणता आले असते का? यात कोणाची गरज भागली, की फक्त कोणाची ऐट? बाबांच्या कामाबद्दलही हेच विचार. त्यांच्या हातून स्वच्छ झालेली जागा पवित्र असेल. त्यांना हातमोजे आणि पूर्ण पगार न देणारे कंत्राट पवित्र नाही. तो सध्या बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीचे कागद मिळवण्याच्या मागे आहे.

आमच्या मंडळीत देऊळ झाडायचे काम वर्षानुवर्षे दोनच घरांकडे होते. ती दोन घरे कोणती, हे या वाचकांना सांगायला नको. मागे सर्वांची यादी करून आठवडे वाटून घेतले. यादीच्या मथळ्यावर ‘पाळी’ शब्द आला तेव्हा जुन्या माणसांना तो खटकला, बैठकीत बराच वाद झाला. शब्द तसाच राहिला. पहिल्या आठवड्यापुढे पाळकसाहेबांचे नाव घातले.