दूरस्थ आंतरपृष्ठ
सर्व्हरवरील आज्ञावलीच्या घटकाकडून दुसऱ्या संगणकावरील आज्ञावलीस कोणती कामे करून घेता येतील, त्यांसाठी कोणती माहिती द्यावी लागेल व उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, हे निश्चित करणारे विधान. कामे कशी होतात हे त्यात नसते. त्यामुळे घटकाची अंतर्गत रचना बदलली, तरी ग्राहक आज्ञावली बदलावी लागत नाही.

दूरच्या संगणकावरील कार्यक्रमभाग वापरण्याच्या पद्धतीवर ए. डी. बिरेल व बी. जे. नेल्सन यांनी १९८४ मध्ये पायाभूत लेख लिहिला. पुढे कोर्बा (१९९१) व एंटरप्राइज जावाबीन्स (१९९८) या मानकांत ही कल्पना रूढ झाली. जावाबीन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत (२००१) स्थानिक आंतरपृष्ठ निराळे करण्यात आले. त्यात मूळ वस्तूचा संदर्भ दिला जातो, तर दूरस्थ विनंतीत माहितीची प्रत पाठविली जाते.

समजा, महाराष्ट्र–गुजरात सीमेवरील अच्छाड (ता. तलासरी) येथे मालमोटारीचा कर दूरच्या सर्व्हरवर भरावयाचा आहे. नोंदणी, परवाना व विमा यांसाठी वेगवेगळ्या विनंत्या केल्यास दर वेळी विलंब होतो. म्हणून एकाच विनंतीत सर्व माहिती मिळेल, अशी मांडणी करतात. कर भरल्यावर उत्तर येण्यापूर्वी संपर्क तुटल्यास रक्कम जमा झाली की नाही, हे कळत नाही; तीच विनंती पुन्हा केल्यास दुबार वसुली होऊ शकते. यासाठी प्रत्येक भरण्यास आरंभीच स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हर नवी वसुली न करता आधीचेच उत्तर पाठवितो. म्हणून संभाव्य अपयशांचा निर्देश आंतरपृष्ठातच करणे इष्ट ठरते.